पहिला दिवस कोणता?

इन्फ्लिक्सिमॅब आणि एटॅनरसेप्ट या दोन ‘बायोलॉजिक’ औषधांना (सजीव पेशींत बनवलेली, टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू रोखणारी, म्हणून टीएनएफ-रोधक) अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा त्यांच्या बाजूचा पुरावा काही शे रुग्णांचा होता आणि तोही महिन्यांत मोजण्याइतक्या काळाचा. आजार मात्र तीस-तीस वर्षं पाठ न सोडणारे: ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस, आतड्यांना सूज आणणारे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. शिवाय चाचणीत माणसं पारखून घेतात. आधी कर्करोग झालेला नको, मूत्रपिंडं कमजोर असलेला नको, फार म्हातारा नको, गरोदर बाई तर नकोच. पुढे दवाखान्यात नेमके हेच लोक येतात आणि त्यांच्यासाठी औषध ठरवताना चाचणीचा निकाल फारसा उपयोगी पडत नाही.

२००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यानंतर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे डॉक्टरांनी आपणहून कळवलेल्या या घटना होत्या. त्यातून इशारा मिळाला, पण दर काढता आला नाही, कारण ७० हा अंश झाला. छेदाच्या जागी फक्त ढोबळ अंदाज होता. तो छेद भक्कम करण्यासाठीच त्या सुमारास एकामागून एक रजिस्ट्री, म्हणजे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी, उभ्या राहिल्या. डेन्मार्कची डॅनबायो आणि स्पेनची बायोबाडासेर २००० मध्ये, ब्रिटनची बायोलॉजिक्स रजिस्टर आणि जर्मनीची रॅबिट २००१ मध्ये. स्वीडनमध्ये संधिवाताची गुणवत्ता-नोंद १९९५ पासूनच चालू होती. उत्तरेकडच्या देशांना आणखी एक सोय आहे. स्वीडनमध्ये १९४७ पासून आणि डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक कायमचा क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाने रुग्णालय, औषधदुकान, कर्करोग-नोंद आणि मृत्यू-नोंद एकमेकांना जोडता येतात.

एवढा डेटा हाताशी आला की नव्या अभ्यासकाचं लक्ष साहजिकच संख्याशास्त्राकडे जातं: कोणतं मॉडेल लावायचं, किती घटकांसाठी समायोजन करायचं, म्हणजे गटांमधले वय किंवा आजारासारखे फरक हिशेबातून काढायचे. आमचं मत थोडं वेगळं आहे. रजिस्ट्रीच्या अभ्यासात गफलत होते ती बहुतेक वेळा मॉडेलच्या आधी, घड्याळ लावताना. कोणाचा पहिला दिवस कोणता धरला, कोणता दिवस कोणाच्या खात्यावर टाकला आणि मोजणी कुठे थांबवली, एवढ्यावर निकाल उलटासुलटा होऊ शकतो.

याचं ठसठशीत उदाहरण ब्रिटिश रजिस्टरमध्ये आहे. २००६ च्या विश्लेषणात टीएनएफ-रोधक औषधं घेणारे ७,६६४ संधिवाताचे रुग्ण आणि नेहमीची औषधं घेणारे १,३५४ रुग्ण यांची गंभीर जंतुसंसर्गासाठी तुलना केली. समायोजनानंतर दरांचं गुणोत्तर १.०३ आलं, म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही. पुढच्याच वर्षी त्याच गटाने त्याच रजिस्टरवर पुन्हा काम केलं आणि या वेळी जोखमीचा काळ वेगवेगळ्या तऱ्हेने मोजून पाहिला. फक्त उपचाराचे पहिले ९० दिवस घेतल्यावर गुणोत्तर ४.६ झालं. विश्वास-मर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा) रुंद होती, १.८ ते ११.९, पण तिचं खालचं टोकही १ च्या बरंच वर.

रजिस्टर तेच असताना असं का व्हावं? धोका सुरुवातीला एकवटलेला होता आणि नंतरच्या लांबलचक शांत काळात तो पातळ होऊन गेला. औषध सुरू झालं की ज्यांना संसर्ग व्हायचा त्यातल्या बऱ्याच जणांना तो पहिल्या काही महिन्यांत होतो आणि त्यांचं औषध बंद होतं. उरतात ते औषध सोसलेले लोक. दुसरीकडे आजार आटोक्यात आला की स्टिरॉइडचा डोस उतरतो, आणि स्टिरॉइड हे स्वतःच संसर्गाचं मोठं कारण आहे. रॅबिटच्या २०११ च्या विश्लेषणाने हे दोन्ही प्रवाह वेगळे करून दाखवले. तिसऱ्या वर्षी टीएनएफ-रोधकावर असलेले रुग्ण पहिल्या आठवड्यातल्या रुग्णांसारखे नसतात, कारण त्यांची चाळण होऊन गेलेली असते. म्हणूनच आधीपासून औषध घेत असलेल्यांना सरसकट अभ्यासात घेऊ नये. नव्याने सुरू करणारेच घ्यावेत आणि तुलनाही औषध न घेणाऱ्यांशी न करता उपचाराच्या त्याच पायरीवर दुसरं औषध नव्याने सुरू करणाऱ्यांशी करावी.

‘नव्याने’ हे ठरवणंही दिसतं तितकं सोपं नाही. स्वीडनची औषधखरेदीची व्यक्तिनिहाय नोंद जुलै २००५ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २००५ मध्ये एखाद्याची मेथोट्रेक्सेटची, म्हणजे संधिवाताच्या नेहमीच्या औषधाची, पहिली खरेदी दिसली, तर तो दहा वर्षं औषध घेत असलेला रुग्णही असू शकतो. त्याच्या आधीच्या खरेद्या नोंदवायला नोंदच नव्हती. निदान वर्षभराची मागची खिडकी, म्हणजे आधी औषध नव्हतं हे पडताळण्याचा काळ, हवी असेल, तर अभ्यासाची सुरुवात जुलै २००६ च्या आधी धरता येत नाही. निदानाचंही असंच आहे. स्वीडनच्या रुग्ण-नोंदीत तज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण भेटी २००१ पासून येतात, त्याआधी फक्त भरती झालेले. म्हणजे १९९९ मध्ये दिसणारा संधिवाताचा रुग्ण हा भरती व्हावं लागलेला, जास्त आजारी रुग्ण आहे. त्याची २००३ च्या रुग्णाशी तुलना केली, तर चार वर्षांत आजार सौम्य झाला असं सांगणारा आलेख अगदी सहज तयार होतो.

निदानाचा एकच कोड पुरत नाही. एम०५ किंवा एम०६ हा संधिवाताचा कोड एकदाच दिसला, तर तो बऱ्याचदा संशयापुरता टाकलेला असतो. म्हणून तज्ज्ञाकडच्या दोन वेगवेगळ्या भेटींत कोड हवा, अशी अट घालतात. अट रास्त आहे, पण तिच्यातच एक सापळा आहे. पहिली भेट मार्चमध्ये आणि दुसरी नोव्हेंबरमध्ये झाली असेल आणि घड्याळ मार्चपासून लावलं, तर मार्च ते नोव्हेंबर त्या माणसाला मरण्याची मुभाच उरत नाही. मेला असता तर दुसरी भेट झाली नसती आणि तो यादीत आलाच नसता. पहिला दिवस हा दुसऱ्या भेटीचाच धरावा लागतो.

औषधाच्या बाबतीत हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. समजा, १,००० रुग्णांना निदानानंतर सरासरी २ वर्षांनी बायोलॉजिक सुरू झालं, त्यानंतर सरासरी ३ वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला आणि त्यात ६० मृत्यू झाले. खरा दर ६० भागिले ३,००० व्यक्ती-वर्षं, म्हणजे हजारी २०. पण निदानापासूनची पाचही वर्षं ‘बायोलॉजिक गटा’च्या खात्यावर टाकली, तर दर ६० भागिले ५,०००, म्हणजे हजारी १२. बायोलॉजिक न घेणाऱ्यांचा दरही हजारी २० असेल, तर औषधाने मृत्यू ४० टक्क्यांनी घटवले असा शोध लागतो. औषधाने काहीही केलेलं नसतं. औषध सुरू होईपर्यंत जगणं भाग होतं, एवढंच. ही दोन वर्षं औषध न घेतलेल्यांच्या खात्यावर टाकायची किंवा घड्याळच औषध सुरू झाल्याच्या दिवशी चालू करायचं. प्रसिद्ध झालेल्या लेखांत आजही ही चूक सापडते, आणि निकाल जितका सुखद तितकी ती शोधायची इच्छा कमी.

यावर हल्ली एक चांगली शिस्त रूढ झाली आहे. आधी कागदावर अशी चाचणी लिहायची जी प्रत्यक्षात कोणी करणार नाही: कोण पात्र, कोणते दोन उपचार, चिठ्ठी कोणत्या दिवशी टाकली असती, मोजणी केव्हा थांबली असती. मग डेटा त्या साच्यात बसवायचा. पात्रता, उपचार ठरणं आणि मोजणीची सुरुवात या तिन्ही गोष्टी एकाच तारखेला यायला हव्यात. त्या येत नसतील तर मॉडेल कितीही झकास असो, पुढे जाण्यात अर्थ नाही.

घड्याळ सुरू झालं की रुग्ण औषधावर आहे की नाही हे दिवसागणिक ठरवावं लागतं, आणि इथे औषधांच्या तऱ्हा माहीत नसल्या की फजिती ठरलेली. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. आठवड्याला १५ मिलिग्रॅम म्हणजे २.५ मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या. १०० गोळ्यांची बाटली साधारण १६ ते १७ आठवडे चालते. हे न पाहता रोज एवढ्या गोळ्या असा हिशेब लावला, तर रुग्ण दोन-तीन आठवड्यांतच औषध सोडणारा दिसतो. ॲडालिमुमॅबचं ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दोन आठवड्यांनी एकदा, तेव्हा दोन सिरिंजचा डबा २८ दिवसांचा. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून, ०, २ आणि ६ आठवड्यांना व नंतर सहसा दर ८ आठवड्यांनी. ते रुग्णालयात दिलं जातं, त्यामुळे औषधदुकानाच्या नोंदीत बहुधा दिसतच नाही. फक्त खरेदीच्या नोंदीवर विसंबलो, तर इन्फ्लिक्सिमॅबवरचे रुग्ण चक्क ‘उपचार नाही’ या गटात जाऊन बसतात. रिटुक्सिमॅबची गंमत आणखी वेगळी. १,००० मिलिग्रॅमचे दोन डोस दोन आठवड्यांच्या अंतराने, आणि पुढची फेरी सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा. शेवटच्या सलाइननंतर चौथ्या महिन्यात रुग्णाच्या हातात कुठलंच औषध नसतं, पण हे औषध ज्यांना नष्ट करतं त्या बी-पेशी (प्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी) मात्र अजून गायब असतात. जैविकदृष्ट्या तो पूर्णपणे उपचाराखाली आहे.

औषध थांबण्याचा दिवस तर त्याहून नाजूक. ताप आला, खोकला सुरू झाला, डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवायला सांगितलं आणि तीन आठवड्यांनी रुग्ण न्यूमोनियाने भरती झाला. मोजणी इंजेक्शन थांबलं त्या दिवशी संपवली, तर हा न्यूमोनिया औषधमुक्त काळाच्या खात्यावर जातो. म्हणून संसर्गाच्या अभ्यासात औषध थांबल्यानंतरही काही काळ, बऱ्याचदा ९० दिवस, औषधाच्याच खात्यावर धरतात. कर्करोगासाठी उलटी काळजी घ्यावी लागते. औषध सुरू केल्यावर दुसऱ्या महिन्यात सापडलेली गाठ त्या औषधाने झालेली नसते, म्हणून सुरुवातीचे सहा महिने किंवा वर्ष वगळून पाहतात. त्यानंतर मात्र एकदा औषध घेतलं की कायम घेतलं असं धरतात, कारण परिणाम उशिरा दिसू शकतो. एकाच कोहॉर्टमध्ये, म्हणजे पाठपुरावा होत असलेल्या गटात, दोन आजारांसाठी दोन घड्याळं लावावी लागतात आणि दोन्ही बरोबर असतात.

आणि जो देश सोडून गेला त्याचं काय? स्थलांतराची नोंद जोडली नाही, तर तो पुढची कित्येक वर्षं नोंदीत निरोगी, अमर माणूस म्हणून राहतो.

आता कोणाला कोणतं औषध मिळतं याकडे वळू. सगळे ज्याची धास्ती घेतात तो भाग हाच. डॉक्टर चिठ्ठ्या टाकून औषध देत नाहीत. आधी कर्करोग झालेल्या संधिवाताच्या रुग्णाला अनेक देशांत टीएनएफ-रोधकाऐवजी रिटुक्सिमॅब देण्याकडे कल असतो. मग रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांत पुढे कर्करोग जास्त दिसले, तर त्यात औषधाचा वाटा किती आणि निवडीचा किती? प्रॉपेन्सिटी स्कोअर, म्हणजे रुग्णाच्या माहितीवरून त्याला ते औषध मिळण्याची काढलेली शक्यता, इथे कामाला येतो, पण तो फक्त आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींपुरता. त्यात पहिल्या दिवसाच्या आधीचीच माहिती घालायची. औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यातला सीआरपी (रक्तातलं दाहाचं मोजमाप) त्यात गेला, तर औषधाचा परिणामच समायोजनात पुसून टाकला जातो. आजाराची तीव्रता दाखवणारा डास२८ (२८ सांध्यांच्या तपासणीवर आधारलेला निर्देशांक) साधारणपणे आधीच्या ९० दिवसांतला घ्यावा. गट जुळले की नाही हे पी-व्हॅल्यूवर ठरवू नये. प्रत्येक घटकाचा प्रमाणित फरक (दोन गटांच्या सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) पाहावा आणि तो ०.१ च्या खाली आला म्हणजे ठीक. धूम्रपानाची नोंद अर्ध्या रुग्णांत नसेल तर तसं लिहून द्यावं. सगळं झाकून टाकणारा स्कोअर अजून कोणी बनवलेला नाही.

वेळेनुसार बदलणारे घटक आणखी त्रास देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,२४० संधिवात रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात मेथोट्रेक्सेट सुरू झालेले लोक मुळातच जास्त आजारी होते. आजार वाढला म्हणून औषध सुरू झालं, आणि औषधाने आजार बदलला. अशा गुंत्यात नेहमीचं समायोजन कमी पडतं. दर वेळी औषध सुरू होण्याची शक्यता काढून तिच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यावं लागतं. तसं केल्यावर मृत्यूचं गुणोत्तर ०.४ आलं. स्टिरॉइडचा डोस हाही असाच दुतोंडी घटक: औषध निवडण्याचं कारणही तोच आणि औषधाचा परिणामही तोच.

औषध किती चाललं हे विचारलं की बहुतेक रजिस्ट्री ‘टिकाव’ सांगतात, म्हणजे वर्षानंतर किती जण त्याच औषधावर आहेत. मोजायला सोपा म्हणून तो आवडता, पण त्याचा अर्थ पर्यायांवर अवलंबून असतो. दुसरं औषध उपलब्धच नव्हतं त्या काळात लोक अर्धवट गुण देणाऱ्या औषधालाही चिकटून राहत. पुढे पाच पर्याय आले आणि टिकाव घसरला. औषध वाईट झालं म्हणून नव्हे. आजार किती शमला हे पाहायचं तर डास२८ लागतो. २.६ च्या खाली गेला तर शमन, ५.१ च्या वर तर तीव्र. मात्र तो भेटीलाच नोंदवला जातो, आणि औषध सोडलेला रुग्ण त्या औषधाच्या पानावर परत येत नाही. १०० जणांनी सुरू केलं, वर्षाअखेर ६० उरले, त्यांतल्या ३० जणांचा आजार शमला, तर ‘५० टक्के शमन’ असं छापलं जातं. स्वीडनमधल्या लुंड गटाने २००६ मध्ये यावर साधा उपाय सुचवला: उरलेल्यांचं प्रमाण गुणिले त्यांच्यातल्या यशस्वींचं प्रमाण. म्हणजे ०.६ गुणिले ०.५, तीस टक्के. कोणत्याही रजिस्ट्री-लेखात यशाची टक्केवारी दिसली की आधी तिचा छेद शोधावा.

डेन्मार्कने २०१५ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबच्या मूळ ब्रँडवरून बायोसिमिलरवर (मूळ बायोलॉजिकशी मिळत्याजुळत्या, दुसऱ्या कंपनीच्या औषधावर) देशभर एकगठ्ठा बदल केला. डॅनबायोतल्या ८०२ रुग्णांचा वर्षभराचा टिकाव ८४.१ टक्के निघाला. तुलना नव्याने सुरू करणाऱ्यांशी केली असती, तर बायोसिमिलर चमकदार ठरलं असतं, कारण हे ८०२ जण वर्षानुवर्षं औषध सोसलेले होते. म्हणून तुलनेसाठी मूळ औषधावर आधीपासून स्थिर असलेला, बदलाच्या आधीच्या काळातला गट निवडला. त्याचा टिकाव ८६.२ टक्के. चाळलेल्यांची चाळलेल्यांशी तुलना. नॉर्वेतल्या ४८२ रुग्णांच्या चाचणीत, २०१७ मध्ये, आजार बळावण्याचं प्रमाण मूळ औषधावर २६ आणि बदललेल्यांत ३० टक्के होतं, आणि तो फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत होता. रजिस्ट्री आणि चाचणी इथे एकमेकींच्या जवळ आल्या, कारण घड्याळ नीट लावलं होतं.

दुर्मीळ परिणामांत मात्र एकटी रजिस्ट्री कधीकधी थकते. स्वीडनच्या २०१३ च्या अभ्यासात टीएनएफ-रोधक घेणाऱ्यांत मेलॅनोमाचा धोका दीडपट दिसला, विश्वास-मर्यादा १.० ते २.२. नंतर युरोपातल्या अकरा रजिस्टरांनी एकत्र येऊन पाहिलं, तेव्हा ठळक वाढ आढळली नाही. यात कोणी खोटं पडलं असं समजू नये. इतक्या कमी घटनांवर दीडपट म्हणजे मोजक्या रुग्णांचा हिशेब, आणि दोन-चार नोंदी इकडच्या तिकडे झाल्या तरी तो हलतो.

जॅक-रोधकांचा (पेशीतल्या जॅक नावाच्या विकरांना रोखणाऱ्या गोळ्यांचा) प्रश्न आज सगळ्यांत जास्त विचारला जातो. त्यांतल्या टोफासिटिनिबची टीएनएफ-रोधकांशी तुलना करणारी मोठी चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ४,३६२ रुग्ण, सगळे पन्नाशी गाठलेले किंवा ओलांडलेले आणि हृदयरोगाचा किमान एक धोका असलेले. हृदयाच्या गंभीर घटना ३.४ विरुद्ध २.५ टक्के, कर्करोग ४.२ विरुद्ध २.९ टक्के. चाळिशीतल्या, इतर धोका नसलेल्या रुग्णाचं काय, हे ती चाचणी सांगू शकत नाही. रजिस्ट्री सांगू शकते. पण अमेरिकी नियंत्रकांचा कडक इशारा सप्टेंबर २०२१ मध्ये आला आणि युरोपीय समितीच्या मर्यादा ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्यानंतर हृदयरोगी रुग्णांना हे औषध देताना डॉक्टर दहादा विचार करू लागले. २०१९ मध्ये जॅक-रोधक सुरू झालेला आणि २०२३ मध्ये सुरू झालेला हे दोन वेगळे लोकसमूह आहेत. तुलना त्याच वर्षी सुरू झालेल्यांशीच व्हायला हवी. जुळणीत कॅलेंडर-वर्ष नसेल, तर औषध वर्षागणिक सुरक्षित होत चालल्यासारखं दिसेल.

याच औषधांनी कोडच्या यादीतही एक खड्डा करून ठेवला आहे. टोफासिटिनिबचा एटीसी कोड (औषधांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड) एल०४एए२९ होता. २०२४ च्या यादीत जॅक-रोधकांना एल०४एएफ असा स्वतंत्र गट मिळाला आणि टोफासिटिनिब एल०४एएफ०१ झालं. काही नोंदी जुन्या ओळींचाही कोड बदलतात, काही फक्त नव्या ओळींचा. जुनी यादी तशीच ठेवून चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये देशातल्या सगळ्या रुग्णांनी २०२४ च्या सुरुवातीला एकदमच टोफासिटिनिब सोडल्याचं दिसू शकतं, आणि टिकावाचा आलेख तिथे कड्यासारखा कोसळतो. असा कडा दिसला की आधी कोडची यादी उघडून तिच्यावरची तारीख पाहावी, रुग्णांची कारणं त्यानंतर शोधावीत.